पहिला फोटो पोरांचा

त्या रस्त्यावर आता फोटो स्टुडिओ नाही. त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे, आणि तिथे जाऊन कुणी फोटोची गोष्ट काढली तर दुकानदार स्वतःचा फोन पुढे करतो, की घ्या, काढा किती काढायचे ते. काढतात लोक. तोंडं वेडीवाकडी करून काढतात आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जातात. पण ज्यांचं बालपण त्या रस्त्यावर गेलं, त्यांना त्या दारावरून जाताना अजूनही हनुवटीखाली दोन थंडगार बोटं जाणवतात. त्या बोटांना फोटो धुवायच्या औषधाचा आंबूस वास यायचा, आणि वरून आवाज यायचा, "सरळ! मान सरळ! हां, आता हलायचं नाही."

म्हणून त्या फोटोवाल्याचं नाव सरळकाका. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण?

सरळकाका माणूस नाकासमोर चालणारा, आणि जग आपल्यासारखंच सरळ असावं असा त्यांचा हट्ट. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की लोकांच्या घरातसुद्धा उठून सरळ करायचे. स्टुडिओत तर त्यांचंच राज्य. फिरवलं की वरखाली होणारं एक गोल स्टूल, मागे गॅलरी आणि तळं रंगवलेला पडदा, दोन्ही बाजूंना मोठे दिवे. स्टुलावर बसलेल्याची मान रेसभर जरी कलली, तरी काका कॅमेऱ्यामागून बाहेर येत, बोटं हनुवटीखाली घालत आणि मान जागेवर बसवत. एवढ्यावर भागलं नाही तर राहिलेलं काम डार्करूममध्ये होई. मोठ्या निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवून ते देवीचे व्रण बुजवत, पुढे आलेले कान मागे ढकलत, आणि एखाद्याचा डोळा तिरळा असेल तर बुबुळातला चमकता ठिपका खरवडून दुसरीकडे बसवत. आया खूश होत. पोरगं घरात तिरळंच असे, पण भिंतीवर सरळ बघे.

फक्त एका माणसाची मान त्यांना आयुष्यात सरळ करता आली नाही. ती त्यांच्या बायकोची.

तिला सगळे काकू म्हणत. काकू काउंटरवर बसून फोटोच्या कडा नक्षीच्या कातरीने कापायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची सुखदुःखं ऐकायच्या. ऐकताना त्यांची मान उजवा कान पुढे करून एका खांद्याकडे कलायची. लहानपणी कान फुटून डावा कान अधू झाला होता, त्यामुळे ती सवय. पण ऐकणाऱ्याची मान अशी कलली की बोलणाऱ्याला वाटतं, हिला आपल्यात किती रस आहे. बायका पाच मिनिटांसाठी येत आणि तासभर बसत. लग्नानंतर काकांनी तिचा पहिला फोटो काढायला घेतला, सवयीने बोटं पुढे केली, तेव्हा ती म्हणाली होती, "मान सरळच हवी असेल तर पडद्याचा फोटो काढा. मी चालले चहा टाकायला." तो फोटो तसाच निघाला, कललेल्या मानेचा, आणि काउंटरच्या वर टांगला गेला. स्टुडिओतला तेवढा एकच वाकडा फोटो. कुणी विचारलं तर काका म्हणायचे, "तिथे आपलं काही चालत नाही बाबा."

त्या स्टुडिओचा एक नियम होता, आणि तोही काकूंचाच. लहान मुलं स्टुलावर बसवली की भोकाड पसरायची. काका आधी सरळ करत, मग दटावत, आणि मग पोरं जास्तच वाकड्यात शिरत. एकदा काकू कातर खाली ठेवून आत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पहिला फोटो त्यांना हवा तसा काढा ना. रडतील, जीभ दाखवतील, काय करायचं ते करू द्या. एकदा त्यांचं झालं की तुमचं ऐकतील."

"फिल्म फुकट येते का?"

"तुमचा घसा तरी फुकट येतो का?"

काका चिडले, पण करून पाहिलं आणि जमलं. तेव्हापासून कुठलंही मूल स्टुलावर बसलं की काका आधी जाहीर करायचे, "पहिला फोटो पोरांचा! दुसरा आईबापांचा!" काकू पडद्याच्या कडेला उभ्या राहून पत्र्याचं खुळखुळणारं बदक हलवायच्या, पोर खिदळायचं, हातपाय झाडायचं, खटकन एक फोटो निघायचा. मग बोटं हनुवटीखाली यायची. तो पहिला फोटो कधीच छापला जात नसे. निगेटिव्हच्या पट्टीवर तो पहिल्या चौकोनात पडून राहायचा, पट्टी बटर पेपरच्या पाकिटात आणि पाकीट डब्यात. काका त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. वाया गेलेल्या फोटोकडे काय बघायचं?

नात दोन वर्षांची असताना काकू गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. लेक आणि जावई मग स्टुडिओच्या वरच्या खोल्यांमध्ये राहायला आले, म्हातारा एकटा कसा राहील म्हणून. म्हातारा एकटा नव्हताच, त्याच्याजवळ ठिणगी होती. नातीचं हे नाव काकांनीच ठेवलं. दिवसभर जिन्यावरून खाली-वर, खाली-वर. सकाळी डोळे उघडले की जिना उतरून स्टुडिओत, आणि काउंटरवर चढून थेट आजीच्या जागेवर. काका तोंडाने रागवायचे आणि हाताने तिच्यासाठी उशी सरकवायचे.

ती सात वर्षांची झाली त्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुमारास एक दिवस ठिणगी काउंटरवर बसून गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकत होती. काका डार्करूममधून बाहेर आले आणि दारातच थबकले. पोरीची मान एका खांद्याकडे कललेली होती. तीच बाजू, तोच कल. वर भिंतीवर काकू आणि खाली काउंटरवर ठिणगी.

काकांनी हातातला चिमटा काउंटरवर ठेवला. त्यांनी लेकीला हाक मारली. लेक आली, बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी आई हो, बाबा."

मग काय, सगळ्या रस्त्याला कौतुकाचा विषय मिळाला. जो येई तो म्हणे, आजीवर गेली पोर. कुणी म्हणे, रक्त बोलतं. शेजारचा घड्याळजी म्हणाला, "काका, तुमची मालकीणबाई परत आली बरं का. आता हिशेबाने वागा." काका हसले, आणि जिना चढून वर घरात गेले. पाच वर्षांनी पहिल्यांदा त्या घरात त्यांना ऊब वाटली. बायको गेली होती आणि थोडीशी परत आली होती. एवढं मिळालं तरी खूप झालं, असं त्यांना मनापासून वाटलं.

त्यांनी तिचा फोटो काढायचं ठरवलं. ठिणगी स्टुलावर बसली. "पहिला फोटो पोरांचा," काकांनी जाहीर केलं, खटका दाबला, आणि मग जन्माच्या सवयीने बोटं तिच्या हनुवटीखाली गेली. मान सरळ झाली. ठिणगीने डोळे मिचकावले.

"आजोबा, तुम्ही मान सरळ केली ना, की तुम्ही दोन होता."

"दोन?"

"हो. एक वर आणि एक खाली."

काका पोट धरून हसले. "बरंच आहे की! दोन आजोबा, दुप्पट लाड." आणि त्यांनी बोटं काढून घेतली. पोरीची मान पुन्हा कलली, जिथे होती तिथे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका लहान मुलाचा दुसरा फोटोही वाकड्या मानेचा काढला, मोठा करून छापला आणि दर्शनी काचेत लावला. येणारेजाणारे थांबून बघायचे. जे बघायला हवं होतं ते सगळ्या रस्त्यासमोर काचेत टांगलेलं होतं, आणि सगळा रस्ता म्हणत होता, वा!

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. काकांच्या स्टुडिओत तर दोन दोन दिवे होते.

त्यानंतर ठिणगी जिना बसून उतरायला लागली. एकेका पायरीवर बूड टेकवत, कठडा धरून. घरच्यांना वाटलं, नवा खेळ आहे. पुस्तक वाचताना ती एक डोळा तळहाताने झाकायची. जावई म्हणाला, समुद्री चाच्यांच्या गोष्टी वाचते ना, म्हणून. पेल्यात पाणी ओतताना पाणी बाहेर सांडायचं, तर धांदरट म्हणून बोलणी बसायची. शाळेच्या दिवशी सकाळी डोकं दुखायचं, पण शाळेच्या दिवशी सकाळी कुणाचं दुखत नाही? प्रत्येक गोष्टीला घरात उत्तर तयार होतं. प्रेमाच्या माणसांकडे उत्तरं फार असतात.

शेवटी बोलल्या त्या शाळेतल्या बाई. त्यांनी लेकीला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "फळ्यावरचं वाचताना ती डोळा झाकते, आणि जिन्यावर पाय चाचपडते. रागावू नका, पण एकदा डोळे दाखवून घ्या." लेकीला वाटलं, चष्मा लागला असेल. काका बरोबर निघाले, चष्म्याची फ्रेम आपणच निवडायची म्हणून. गोल फ्रेम नको, चेहरा फोटोत बसका दिसतो, हे ते वाटेत लेकीला समजावून सांगत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना त्याच रस्त्याच्या टोकाला होता. त्याही त्याच रस्त्यावर वाढलेल्या. त्यांनी ठिणगीला उंच खुर्चीवर बसवलं आणि तिच्याशी आधी शाळेच्या, मग मैत्रिणींच्या गप्पा मारल्या. मग एक पेन्सिल तिच्या नाकासमोर धरून वर नेली, खाली नेली, नाकाच्या बाजूला खाली नेली. एक डोळा झाकला, मग दुसरा. तिची मान या खांद्याकडे कलवली, त्या खांद्याकडे कलवली, आणि दर वेळी विचारलं, "आता किती पेन्सिली?" ठिणगी सांगत गेली, एक, दोन, दोन, एक. तिला वाटलं, गणिताचा खेळ आहे, आणि आपण सगळं बरोबर सांगतोय. डोळ्यांत थेंब घालून डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं. मग दिवा बंद केला आणि ठिणगीला बाहेरच्या खोलीतले मासे बघायला पाठवलं.

"ही मान लाडाने वाकडी करत नाहीये," त्या लेकीला म्हणाल्या. "मान सरळ असली की तिला एकाच्या जागी दोन दिसतात, एक वर, एक खाली. मान कलवली की ती दोन चित्रं एकावर एक बसतात. पोरीने स्वतःच शोधून काढलंय हे. कधीपासून करते?"

"जन्मापासूनच," लेक लगेच म्हणाली. "आजीवर गेलीये ती. माझी आई अगदी अशीच मान करायची."

"हो, काकू मला चांगल्या आठवतात. त्या का करायच्या पण?"

"तिचा डावा कान अधू होता," काका म्हणाले. "नीट ऐकू यावं म्हणून ती..."

आणि ते तिथेच थांबले. बायकोची मान कानासाठी वाकडी होती, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अधू कान काही नातीला वारशाने आला नव्हता. ठिणगीला तर वरच्या खोलीत चॉकलेटचा कागद वाजलेला खालून ऐकू यायचा. मग तिची मान कशासाठी वाकडी, हा साधा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. 'एक वर आणि एक खाली' हे शब्द काकांना पुन्हा ऐकू आले.

"काही मुलांना हे खरंच जन्मापासून असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तसं असेल तर घाबरायचं कारण नाही, सावकाश उपाय करता येतो. पण हे नवं असेल, तर दोष डोळ्यात नसतो. डोळा फिरवणारी नस मेंदूतून येते, ती वाटेत कुठेतरी दबलेली असू शकते. गाठही असू शकते. मी उगाच भीती घालत नाहीये, पण लपवणारही नाही. डोक्याचं स्कॅन मी लिहून देतेच. मोठ्या हॉस्पिटलात त्याला रांग आहे, महिना जाईल. हे नवं आहे असं मला दाखवता आलं, तर मी आज फोन करून तिला रांगेच्या पुढे नेऊ शकते. म्हणून मला तिचे जुने फोटो हवेत. अगदी तान्ही असल्यापासूनचे."

फोटो म्हटल्यावर काका ताडकन उभे राहिले. "फोटो? अहो, अल्बमच्या अल्बम भरलेत!"

डॉक्टरीणबाई किंचित हसल्या. "काका, तुमचे नकोत. तुम्ही माझीपण मान सरळ केली होती. आणि माझ्या भावाचा तिरळा डोळा तुम्ही फोटोत असा सरळ केलात, की आई बरीच वर्षं तो फोटो दाखवून सांगायची, याला काही झालेलं नाही. त्याचा उपचार मागे पडला तो पडलाच. दुसऱ्या कुणी काढलेले असतील तर आणा."

दुसऱ्या कुणी? फोटोवाल्याच्या नातीचे फोटो दुसरं कोण काढणार? काका एकटेच परत निघाले. हजारभर फोटो, आणि काचेतला तो एक सोडला तर पोरीची खरी मान एकाही फोटोत नाही. ज्या बोटांचा आयुष्यभर अभिमान बाळगला, ती बोटं त्यांनी वाटेत खिशात घातली.

स्टुडिओचं दार उघडलं आणि समोर भिंतीवरच्या काकू दिसल्या, मान कलवून ऐकत असलेल्या. काका त्यांच्याकडे बघत उभे राहिले, आणि मग त्यांना तो नियम आठवला.

पहिला फोटो पोरांचा.

माळ्यावरचा पत्र्याचा डबा त्यांनी खाली काढला. ठिणगीच्या सगळ्या पट्ट्या त्यात होत्या. एकेक पाकीट उघडून ते पट्टी खिडकीच्या काचेवर धरू लागले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, केस पांढरे, दात काळे. पण काका ते वर्तमानपत्रासारखं वाचायचे. पहिल्या चौकोनाकडे ते आयुष्यात पहिल्यांदा नीट बघत होते.

पहिली पट्टी. वर्षाची ठिणगी, तोंड भोकाडाने उघडलेलं. आणि चौकोनाच्या कडेला एक हात आत आलेला, बदक धरलेला. मनगटापर्यंतचाच हात, पण काकांना बोटंसुद्धा ओळखू आली. हा हात इथे इतकी वर्षं होता, आणि त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

मग त्यांनी डोळे पुसले आणि पोरीची मान बघितली.

सरळ होती. रडत होती, पाय झाडत होती, पण मान सरळ.

दुसरी पट्टी. पुन्हा तो हात, या वेळी जरा खाली उतरलेला, आणि पोर खिदळतेय. मान सरळ. तिसऱ्या पट्टीत हात नव्हता. ठिणगी त्या कडेकडे बघत होती, जिथे आजी असायची. मान सरळच. चौथीत जीभ बाहेर. पाचवीत डोळे मिटलेले, सहावीत दात पडलेले. याच वर्षीच्या सुरुवातीची पट्टी, तिच्यात तर ती स्टुलावर उभीच राहिलेली, ताठ. आणि शेवटची, उन्हाळ्यातली. मान कललेली.

काका खिडकीशी बसले. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना वाटलं, या पट्ट्या पुन्हा डब्यात घालाव्यात. पट्ट्या दाखवल्या की दोन गोष्टी खऱ्या होणार होत्या. पोरीच्या डोक्यात काहीतरी वाढतंय, आणि बायको परत आलेली नाही. कधीच आली नव्हती. ज्याला आपण तिचं येणं समजून हरखलो, ते काहीतरी भलतंच होतं, तिचं रूप घेऊन घरात शिरलेलं.

ते भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मला वाटलं होतं गं, तू आलीस." आणि उठून डार्करूममध्ये गेले. लाल दिवा लावला. पहिल्या चौकोनांचे तेवढे फोटो छापले. वाळायला वेळ नव्हता, ओलेच फोटो टॉवेलात गुंडाळून ते रस्त्याने जवळजवळ पळत गेले. घड्याळजीने हाक मारली, पण त्यांनी वळूनही बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी ते फोटो टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येक फोटोत दोन्ही डोळ्यांवर आडवी मोजपट्टी धरून बघितलं. एका फोटोपाशी त्या थांबल्या. "हा काकूंचा हात?"

काकांनी मान डोलावली.

"हे तुम्ही सरळ केलेले नाहीत ना? मला शपथेवर सांगा."

"हे पोरांचे फोटो आहेत," काका म्हणाले. "माझे नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला.

पुढचं सगळं भराभर झालं, आणि काकांना ते तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. स्कॅनचं ते गडगडणारं मशीन. मेंदूच्या मागच्या बाजूला, एका अरुंद जागी, सुपारीएवढी गाठ. सर्जन म्हणाले, "गाठ चांगल्या जातीची दिसतेय, पण जागा वाईट आहे. आणखी महिनाभर थांबला असता, तर डोक्यातल्या पाण्याची वाट बंद झाली असती." ऑपरेशनच्या दिवशी काका हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसले होते. समोरच्या भिंतीवरची एक तसबीर तिरकी होती. दिवसभर ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण ते उठले नाहीत. हात लावायचा त्यांना धीर झाला नाही. लेक त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. "बाबा, मी म्हणाले ना हो, जन्मापासून," ती मधेच म्हणाली. काकांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मीही म्हणालो असतो गं. मला तर तुझ्यापेक्षा जास्त हवं होतं ते."

ठिणगी शुद्धीवर आली तेव्हा डोक्याला पांढरं पागोटं बांधल्यासारखी पट्टी होती. तिने आजोबांकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून दोनच आहात." लेक रडायला लागली, काका हसायला लागले, आणि नर्सने दोघांनाही बाहेर काढलं.

डोळा एका दिवसात सुधारला नाही. महिनोन्‌महिने कधी या, कधी त्या डोळ्यावर पट्टी असायची, आणि आता मात्र घरात ती चाचीणच झाली. जावयाने कागदाची तलवार करून दिली. पुढे डोळ्याच्या स्नायूचं एक छोटं ऑपरेशन झालं. जिना ती आधी बसून उतरायची, मग कठडा धरून, आणि मग एक दिवस वरून धाडधाड पावलं वाजत आली. डार्करूममध्ये काकांनी ती ऐकली आणि हातातलं काम तसंच ठेवून ते लाल दिव्याखाली उभे राहिले. त्या धाडधाडीवर ते आधी किती ओरडायचे!

काचेतला तो मोठा फोटो त्यांनी कधीच काढून टाकला होता. लोक विचारायचे, आजीवर गेलेल्या पोरीचा तो फोटो कुठाय? काका म्हणायचे, "चुकला होता." त्या जागी त्यांनी पहिले फोटो लावले, रडणारे, जीभ काढणारे, आणि त्यातला एक बदक धरलेल्या हाताचा. गिऱ्हाइकं हसायची, पण मग मागूनही न्यायची. पेन्सिल त्यांनी त्यानंतर फोटोतल्या डोळ्याला कधी लावली नाही. एखादी आई म्हणाली, एवढा डोळा सरळ करून द्या, तर ते रस्त्याच्या टोकाकडे बोट दाखवायचे. "तिकडे जा. आधी तिकडे जा, मग फोटो." आणि तिकडून चिठ्ठी घेऊन आल्याशिवाय स्टुलावर बसू द्यायचे नाहीत. धंदा बुडवायची लक्षणं, असं घड्याळजी म्हणायचा. काका त्याला भिंतीवरचं त्याचंच घड्याळ तिरकं आहे म्हणून सांगायचे.

मग ठिणगीचा वाढदिवस आला. दरवर्षीसारखा फोटो काढायचा होता. केस पुन्हा वाढले होते, मागच्या बाजूची ऑपरेशनची खूण त्यांत लपली होती. ती स्वतःच स्टूल फिरवून उंच करून बसली. लेक पडद्याच्या कडेला उभी राहिली, हातात पत्र्याचं बदक. ठिणगी म्हणाली, "आई, मी काय बाळ आहे?" पण बदक बघून हसली.

"पहिला फोटो पोरांचा," काकांनी जाहीर केलं आणि कॅमेऱ्यावर वाकले.

काचेत ठिणगी दिसत होती. मान सरळ. कुणी बोटं लावली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. आपली आपण बसली होती, ताठ, दोन्ही डोळे उघडे ठेवून. वर भिंतीवरच्या काकूंसारखी ती आता अजिबात दिसत नव्हती. काकांना एकदम कळलं, की बायको या घरातून आज दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी त्यांनीच तिला हाताला धरून दारापर्यंत सोडलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि इतका आनंद झाला की खटका दाबायचं राहूनच गेलं. डोळे भरून आले. काचेतली ठिणगी हलली, पसरली, एकीच्या दोन झाल्या.

"आजोबा, काढा ना! काय झालं?"

"काही नाही गं," काका म्हणाले. "तू दोन दिसतेयस."

ठिणगी गंभीर झाली. तिने क्षणभर विचार केला आणि जाणकारासारखं सांगितलं, "मग मान वाकडी करा. एक होते."

जन्मभर जगाला सरळ करणाऱ्या त्या म्हाताऱ्याने मान एका खांद्याकडे कलवली. लेकीच्या हातातलं बदक वाजायचं थांबलं. ती बापाकडे बघत राहिली, मग वर भिंतीवरच्या फोटोकडे, मग पुन्हा बापाकडे.

"झाली का एक?" ठिणगीने विचारलं.

"झाली," काका म्हणाले, आणि त्यांनी तसाच, वाकड्या मानेने, तिचा फोटो काढला.